खंब्यातलं पाणी

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागलं की थोड्याच वेळात कोन येतं. तिथल्या उंच इमारतींमधली घरं डिसेंबर २०१६ च्या लॉटरीत गिरणी कामगारांना लागली होती. ताबा मिळेमिळेतो कोरोना आला आणि २०२० मध्ये प्रशासनाने याच इमारतींत विलगीकरण केंद्र थाटलं. ज्यांच्या नावाने घरं निघाली ते वाट बघत राहिले, आणि त्या खोल्यांत संशयित आणि पेशंट येऊन राहिले. अशा ठिकाणी सॅनिटायझर म्हणजे पाण्याइतकीच रोजची गरज.

पण मार्च २०२० चे ते दिवस आठवा. मेडिकलवाला मान हलवायचा आणि ज्याच्याकडे माल होता तो सांगेल तो भाव. १३ मार्चला केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले. आठवडाभरात २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरली. त्याच सुमाराला व्हॉट्सॲपवर एक रेसिपी फिरू लागली. घरात पडलेली व्होडका किंवा रम घ्या, कोरफडीचा गर घाला, चार थेंब अत्तर टाका, झालं सॅनिटायझर! कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. दोन्हीकडे अल्कोहोल तेच, इथेनॉल. मग बिनसतं कुठे?

लेबल वाचा. आपल्याकडच्या रमवर, व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ७५० मिलीच्या खंब्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ३२१ मिली, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. त्यात पाव लिटर कोरफडीचा गर घातला की प्रमाण ३२ टक्क्यांवर येतं. हातावरचा विषाणू मारायला किमान ६० टक्के तरी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ते ८० टक्के आहे. अल्कोहोल कोरोनाच्या विषाणूचं चरबीचं वेष्टण विरघळवतं, प्रथिनं मोडतं. पातळ अल्कोहोलला हे काम नीट जमत नाही. हात गार पडतो, वासही येतो, आणि माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. मला यातलं हे ‘वाटणं’च सगळ्यात घातक वाटतं, कारण साधा साबण घरात होता आणि तो जास्त चांगलं काम करत होता. अमेरिकेतल्या टिटोज व्होडका कंपनीने तर त्याच महिन्यात ग्राहकांना जाहीर सांगितलं, की आमची व्होडका ४० टक्क्यांची आहे, तिचं सॅनिटायझर करू नका.

४२.८ हा आकडा कुठून आला, तेही मजेशीर आहे. जुन्या ब्रिटिश मोजणीत ५७.१ टक्के म्हणजे पूर्ण ‘प्रूफ’. दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर माल खरा, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. त्याचे तीन चतुर्थांश केले की ४२.८. म्हणजे बंदुकीची दारू पेटवणारी ती कडक रमसुद्धा ६० च्या खालीच!

मग टंचाई फिटली कशी? उत्तर खंब्याच्या एक पायरी मागे आहे. साखर कारखान्यातली मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलं की ९५-९६ टक्क्यांचं स्पिरिट मिळतं. पुढे त्यातच पाणी मिसळून दारूची बाटली भरतात. आधी कष्टाने पाणी काढायचं आणि मग परत घालायचं. २०२० मध्ये हे स्पिरिट पाणी पडायच्या आधीच वळवलं गेलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझरची परवानगी मिळाली. मोठ्या दारू कंपन्याही उतरल्या. एकट्या डियाजिओ इंडियाने ३ लाख लिटर बनवायचं जाहीर केलं. सूत्र सोपं आहे. १० लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी पाणी. मग ७२ तास ठेवून द्यायचं, म्हणजे भांड्यातले जिवाणूंचे बीजाणूही मरतात. दुसरी वाट पेट्रोलियमची. सॅनिटायझरमध्ये चालणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल दीपक फर्टिलायझर्स तळोज्यात बनवते, म्हणजे कोनच्याच पनवेल तालुक्यात. त्याचा मळीशी काही संबंध नाही, आणि ते पिण्यासाठी नसतंच.

पिण्याचं आणि न पिण्याचं यांच्यातली रेघ या राज्यात जुनी आहे. मोरारजी देसाईंच्या काळात मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. त्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांना व्हिस्की-ब्रँडी तर हवी होतीच, शिवाय यू द कोलोनही हवं होतं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दारूबंदीचा गाभा कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर घातलेली बंदी रद्द केली. अंगाला लावायचं अल्कोहोल वेगळं आणि घशात ओतायचं वेगळं, हे कोर्टाने मान्य केलं. ही रेघ टिकावी म्हणून उद्योगाच्या स्पिरिटमध्ये कडू किंवा विषारी द्रव्य मिसळतात. ती ओलांडली की काय होतं ते मालवणीने २०१५ मध्ये पाहिलं. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तिथे शंभरावर माणसं गेली.

कोरोनात ही रेघ दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली. रमचं सॅनिटायझर करणारे फार तर फसले. उलट वाटेने गेलेल्यांचं तसं नव्हतं. जुलै २०२० मध्ये सरकारने सॅनिटायझर विकायला लागणाऱ्या परवान्याची अट काढून टाकली आणि ते किराणा दुकानातही ठेवता येऊ लागलं. टंचाई संपली. मग दुसरी लाट आली, निर्बंध आले, दारूची दुकानं बंद झाली. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. मजुरी करणारी माणसं होती ती. दारू कुठेच मिळत नव्हती, आणि सॅनिटायझर आता हवं तेवढं मिळत होतं.