पैनगंगाकांठच्या बर्फाच्या खुणा

वऱ्हाडांतील इंझोरीच्या शिवारांत माती सरली कीं काळा दगड लागतो. वाशीम जिल्ह्याचा हा मुलूख त्याच दगडाचा, आणि तेथील ओढ्यानाल्यांचें पाणी फिरत फिरत शेवटीं पैनगंगेस जातें. अजिंठ्याच्या डोंगरांत, बुलढाणा जिल्ह्यांत, उगम पावलेली ही नदी पुढें यवतमाळ व नांदेड यांच्या सीमेवर सहस्रकुंड येथें कड्यावरून खालीं उडी घेते. पावसाळ्यांत तो प्रपात पाहावयास दूरदूरचे लोक जमतात.

प्रपाताखालची घळ पाहून एखाद्या सुशिक्षित प्रवाशास युरोपांतील देखावे आठवावे, हें स्वाभाविक आहे. स्वित्झर्लंडांतील लाउटरब्रुनेनच्या दरींत उभ्या कड्यांवरून अशाच धारा पडतात. पण ती दरी हिमनदीनें कोरलेली आहे. हिमनदी दरी कोरते ती तळ रुंद व भिंती उभ्या ठेवून. बाजूच्या लहान दऱ्या तितक्या खोल जात नाहींत. बर्फ वितळल्यावर त्या अधांतरीं राहतात आणि त्यांच्या तोंडांतून धबधबे पडूं लागतात. सहस्रकुंडास मात्र हा मान देतां येत नाहीं. तेथील काळा दगड सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा, आणि त्यानंतर ह्या मुलखांत हिमनदी कधीं आलीच नाहीं. ती घळ पाण्यानेंच थरामागून थर पोखरून पाडली.

नवल असें कीं, हीच पैनगंगा आणखी खालीं चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, बाजूस गेली म्हणजे लाव्ह्याचें पांघरूण संपतें, खालचा फार जुना चुनखडक उघडा पडतो, आणि त्या खडकावर बर्फाची खूण स्पष्ट उमटलेली सांपडते.

ह्या शोधाची हकीकत ओरिसांत सुरू होते. १८५६ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे विल्यम ब्लॅनफर्ड, त्यांचे बंधु हेन्री ब्लॅनफर्ड आणि थिओबाल्ड हे तालचेर येथील कोळशाच्या खडकांची पाहणी करीत होते. कोळशाच्या थरांच्या तळाशीं त्यांस एक विलक्षण थर आढळला. हिरवट, अतिशय बारीक गाळाचा तो खडक. पण त्या गाळांत मोठमोठे धोंडे रुतून बसलेले. आतां धोंडे वाहून आणावयाचे तर पाण्याला प्रचंड जोर हवा, आणि इतका बारीक गाळ खालीं बसावयाचा तर पाणी जवळजवळ स्तब्ध हवें. दोन्ही गोष्टी एकाच पाण्यानें कशा घडाव्या? त्या मंडळींनीं उत्तर दिलें तें असें, कीं धोंडे पाण्यानें आणलेच नाहींत. ते बर्फांत गोठून तरंगत आले, आणि बर्फ वितळतांच शांत पाण्याच्या तळाशीं गाळांत पडले.

हें म्हणणें त्या काळीं किती धाडसाचें होतें, ह्याची आज कल्पना येणें कठीण आहे. युरोप एके काळीं बर्फाखालीं होता असें लुई अगासी यांनीं १८३७ सालीं प्रतिपादिलें, त्यास अवघीं एकोणीस वर्षें झालेलीं. खुद्द युरोपांतही तें मत पुरतें रुजलें नव्हतें. मग ओरिसाच्या उन्हांत बर्फ कोण मान्य करणार? शिवाय धोंडे आणि गाळ हा पुरावा अखेर अनुमानाचाच होता.

प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो पैनगंगेच्या खोऱ्यांत. खात्याचे मुख्य अधिकारी टॉमस ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस फेडन यांनीं चांद्याच्या पश्चिमेस, इरई गांवाजवळ, तसाच धोंड्यांचा थर पाहिला. धोंडे घासलेले व ओरखडलेले होते. पण महत्त्वाची गोष्ट त्यांच्या खालीं होती. ज्या चुनखडकावर तो थर बसला होता, त्याचा पृष्ठभागही घोटल्यासारखा गुळगुळीत झालेला, आणि त्यावर चरे पडलेले. पाणी धोंड्यास लोळवीत नेतें. त्यानें धोंडा वाटोळा होतो, खडकावर सरळ रेघा उठत नाहींत. रेघ ओढावयाची तर दगड घट्ट धरून, वरून भार देऊन, एकाच दिशेनें ओढला पाहिजे. मुठींत पटाशी धरावी तसा बर्फ दगडास धरतो. फेडन यांचा लेख १८७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्यांतही हिमनदीचें नांव नव्हतें; पाण्याच्या तळाशीं गोठणाऱ्या बर्फापुरतेंच ते बोलले. हा भित्रेपणा म्हणतां येणार नाहीं. डोळ्यांस दिसलें त्यापुढें न जाण्याची ती शिस्त होती.

तोंवर दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथूनही अशाच खुणा प्रसिद्ध झाल्या होत्या. काळ साधारण तोच, सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वींचा. मग कोडें अधिकच बिकट झालें. हे प्रदेश आज आहेत तेथेंच तेव्हांही होते असें मानलें, तर बर्फ विषुववृत्ताच्या आजूबाजूस पसरला आणि त्याच युगांत युरोपांत कोळशाचीं दमट अरण्यें वाढत होतीं, असें म्हणावें लागे. १८८५ सालीं एडुआर्ड झ्यूस यांनीं ह्या दक्षिणेकडील जुन्या भूमीस गोंडांच्या मुलखावरून गोंडवनभूमि हें नांव दिलें. १९१२ सालीं आल्फ्रेड व्हेगेनर यांनीं खंडेंच सरकलीं असें सांगितलें, आणि ह्या बर्फाच्या खुणांचा आधार घेतला. त्यांचीही बरीच हेटाळणी झाली. १९६० नंतर समुद्रतळाच्या अभ्यासानें खंडें सरकतात हें निर्विवाद ठरलें. विदर्भाची भूमि तेव्हां दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. बर्फ विषुववृत्तावर आलाच नव्हता.

वर्धा नदीच्या खोऱ्यांत घुगूस, बल्लारपूर येथें निघणारा कोळसा ह्या बर्फाच्या थराच्या वरचा. हवा उबदार होत गेली, झाडें वाढलीं, गाडलीं गेलीं, त्यांचा तो कोळसा. म्हणूनच कोळशासाठीं भोंक पाडतांना सुईसारख्या तुकड्यांनीं फुटणारा हिरवट दगड वर येऊं लागला, कीं खालीं कोळसा मिळावयाचा नाहीं हें जाणकार ओळखतो, आणि यंत्र थांबवितो.