उकळणारा दगड आणि वायूंची चाळणी

साकोलीला शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एका बाईंनी आम्हाला विचारले, "२०२१ च्या साथीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नावाच्या पेट्या सर्वांनी पाहिल्या. त्यांत सिलिंडर नसतो. मग ऑक्सिजन येतो कोठून?" प्रश्न सोपा आहे. उत्तराला मात्र अडीचशे वर्षांहून जास्त इतिहास आहे.

ऑक्सिजन येतो तो आपल्या भोवतालच्या हवेतूनच. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. पेटीत झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे बारीक मणी भरलेले असतात. दाबाखालची हवा त्यांतून गेली की नायट्रोजनचे रेणू मण्यांच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटून राहतात आणि पुढे ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो व मणी पुन्हा कामाला तयार होतात. अशी दोन नळकांडी आलटूनपालटून चालतात. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात.

झिओलाइटला हे नाव दिले स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने, १७५६ मध्ये. एक दगड तापवताच तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' असे नाव पडले. दगडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. असे दगड महाराष्ट्रात भरपूर आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. त्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना त्यांचे सुंदर नमुने मिळाले. साकोलीच्या मुलांना मात्र ते गावच्या टेकडीवर सापडणार नाहीत. येथले खडक दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने आहेत. भूवैज्ञानिकांनी त्यांना 'साकोली समूह' असेच नाव दिले आहे.

१९३२ मध्ये मॅकबेन यांनी अशा पदार्थांना 'रेणूंची चाळणी' म्हटले. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये बॅरर यांनी प्रयोगशाळेत झिओलाइट घडवले, तर अमेरिकेत मिल्टन यांच्या प्रयत्नांतून १९५४ मध्ये कृत्रिम झिओलाइट बाजारात आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही १९८० च्या दशकात झिओलाइटचे उत्प्रेरक विकसित केले व ते भारतीय कारखान्यांत वापरले गेले.

येथे एक सावधगिरी हवी. 'चाळणी' म्हटले की मुलांना वाटते, लहान रेणू आत जातो आणि मोठा बाहेर राहतो. काही झिओलाइट तसे वागतातही. पण कॉन्सन्ट्रेटरमध्ये दोन्ही वायूंचे रेणू आत जाऊ शकतात. झिओलाइटमधील धन आयनांचे आकर्षण नायट्रोजनच्या रेणूवर अधिक असते, म्हणून तो मागे राहतो.

झिओलाइट सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीचे असतात. त्यामुळे छिद्रे आपल्या मनाजोगती आखायला फारसा वाव नसतो. घराचा नकाशा आधी काढून मग बांधकाम करावे, तसे स्फटिकाचे करता येईल का?

हा विचार सुचला तो शिकवण्याच्या तयारीतून. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची प्रतिकृती करवून घेत होते. काड्या बसवण्यासाठी गोळ्यांना कोठे भोके पाडायची, हे त्यांना कारागिरांना सांगायचे होते. जोडणी करताना त्यांच्या लक्षात आले की भोके योग्य जागी असली, तर रचना आपोआपच बरोबर होते. मग गोळ्याच्या जागी धातूचा आयन आणि काडीच्या जागी सेंद्रिय रेणू घेतला तर? तांब्याचा आयन चार बाजूंनी जोडला जातो. त्याला चार हातांचा रेणू जोडून त्यांनी हिऱ्यासारखी, पण पोकळ्यांनी भरलेली रचना १९८९ मध्ये प्रसिद्ध केली.

ती रचना नाजूक होती. १९९७ मध्ये जपानच्या सुसुमु कितागावा यांनी वायू आत घेऊन परत सोडणारी, न कोसळणारी चौकट दाखवली. ओमर याघी यांनी १९९५ मध्ये अशा पदार्थांना 'धातु-सेंद्रिय चौकट' हे नाव दिले आणि १९९९ मध्ये 'मॉफ-५' तयार केला. त्याच्या काही ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग सामावतो! या तिघांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा उपयोग काय? साकोलीपासून फार दूर नसलेल्या तिरोड्याला कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांच्या धुरात बहुतांश नायट्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. त्यातला कार्बन डायऑक्साइडच तेवढा निवडून घ्यायचा आहे. अडचण वाफेची. ती मोक्याच्या जागा अडवते, काही चौकटी तर मोडूनच टाकते. मॉफ-५ दमट हवेत टिकत नाही. म्हणून दणकट चौकटींचा शोध चालू आहे. २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी धातूविना, केवळ सेंद्रिय रेणूंच्या चौकटी केल्या. त्या उकळत्या पाण्यात व तीव्र आम्लातही टिकल्या. तरीही पकडलेला वायू सोडवायला ऊर्जा लागतेच. ती किती कमी करता येईल, यावर या पदार्थांचे भवितव्य ठरेल.

वर्गात एक प्रयोग करून पहा. मातीचे गोळे आणि सारख्या लांबीच्या काड्या घ्या. प्रत्येक गोळ्याला चार काड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर बसवा आणि जोडत जा. मग त्याच गोळ्यांना दुप्पट लांबीच्या काड्या लावा. पोकळी किती पट झाली, हे मुलांनाच मोजू द्या. रॉबसन यांची सुरुवातही अशाच गोळ्यांपासून झाली होती.