मिस्टर मल्होत्रांच्या पार्टीआधी

इंडिया गेटची हिरवळ, हुमायूनची कबर, हौज खासचे पडके अवशेष. दिवसा इथे सहली यायच्या, अंधार पडू लागला की पुरुषांना भेटू पाहणारे पुरुष यायचे. १९८६-८७मध्ये सुनील गुप्ता यांनी याच जागांवर ‘एक्झाइल्स’ ही रंगीत छायाचित्रमाला केली.

गुप्ता मूळचे दिल्लीचेच. जन्म १९५३चा, १९६९मध्ये कुटुंब कॅनडाला गेले. १९७६मध्ये एमबीएसाठी न्यूयॉर्क गाठले, पण अभ्यास बाजूला पडला. ते लिझेट मॉडेल यांच्याकडे छायाचित्रण शिकू लागले आणि क्रिस्टोफर स्ट्रीटवर उजळ माथ्याने फिरणाऱ्या गे पुरुषांचे फोटो काढू लागले. पुढे लंडनमध्ये कलेचे शिक्षण घेताना त्यांना एक उणीव जाचू लागली. कलेच्या इतिहासात भारतीय समलिंगी पुरुष कुठेच दिसत नव्हता.

तो दाखवायचा तरी कसा? १८६०च्या दंडसंहितेतले कलम ३७७ लागू होते, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचे नियतकालिक निघायलाही १९९० उजाडायचे होते. लपूनछपून फोटो काढणे म्हणजे समोरच्याला संकटात ढकलणे. म्हणून गुप्तांनी संमतीने प्रसंग रचले आणि मुलाखतींतली वाक्ये छायाचित्रांसोबत मांडली. काही पुरुष पाठमोरे आहेत, काहींचे चेहरे चौकटीबाहेर राहिले आहेत. आपल्याकडे दोन पुरुष गळ्यात गळे घालून चालले तर कोणी वळूनही पाहत नाही. ती दोस्ती असते. त्याच जवळिकीला प्रेम म्हटले की गुन्हा व्हायचा. ‘एक्झाइल्स’मधली ती वळलेली पाठ म्हणूनच मनातून जात नाही.

१९९५मध्ये गुप्तांना एचआयव्हीचे निदान झाले. ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ (१९९९) या मालिकेत त्यांनी कॅमेरा स्वतःच्या शरीराकडे वळवला आणि शेजारी लंडनच्या गे क्लबांची बाहेरून टिपलेली दृश्ये ठेवली. इतरांकडून धैर्य मागणाऱ्याने स्वतःचे दुखणे असे उघड्यावर मांडावे, ही मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पुढे ते दिल्लीत राहायला आले. क्लबांमधल्या गे रात्री तेव्हा ‘मिस्टर मल्होत्रा’सारख्या नावाने खासगी पार्टी म्हणून नोंदवल्या जात. २००७पासूनच्या मालिकेला त्यांनी तेच नाव दिले, ‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’. कलम ३७७ अजून तसेच होते. सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. तरीही या छायाचित्रांतली माणसे दिल्लीच्या भर रस्त्यात, खऱ्या नावानिशी, थेट कॅमेऱ्याकडे बघत उभी आहेत.