मुठेच्या पाटाने मांजरीपर्यंत

खडकवासल्याचे पाणी पाटाने पुण्याच्या पूर्वेकडे निघाले, तेव्हा ते घ्यायला शेतकरी सहजासहजी तयार नव्हते. पिढ्यानपिढ्या विहिरीवर मोट चालवणाऱ्या माणसाला सरकारी पाण्याचा भरवसा वाटत नव्हता. पाण्यामागून येणाऱ्या पट्टीची धास्ती होती ती वेगळीच. अशा काळात जोतीराव फुले यांनी मांजरी गावात जमीन घेतली आणि पाटाच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. ही जमीन सुमारे ६० एकर होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुठेवरच्या धरणाच्या कामाला साहित्य पुरवण्याचा ठेकाही त्यांनी घेतला होता. पाणी अडवणाऱ्या भिंतीपासून ते पिकात मुरेपर्यंतचा सगळा व्यवहार त्यांनी जवळून पाहिला होता.

म्हणूनच १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्यावर त्यांनी जे कोरडे ओढले, त्यांना वजन आहे. पट्टी वेळेवर वसूल होते, पाणी मात्र वेळेवर मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे आजही कालव्याच्या कोणत्याही टेलवर उभे राहून ऐकता येईल.

खडकवासल्याचे हे धरण रॉयल इंजिनिअर्समधील अधिकारी फाइफ यांच्या आराखड्यातून उभे राहिले. १८६०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि १८७९च्या सुमारास पुरे झाले. दगडी बांधकामाची सुमारे ३३ मीटर उंचीची ही भिंत त्या काळी देशात अपूर्व होती. जलाशयाला फाइफ यांचेच नाव पडले, ‘लेक फाइफ’. त्यातून दोन कालवे निघाले. डावा आखूड होता. त्याच्या मार्गाची आठवण कर्वेनगरच्या कॅनॉल रोडने नावापुरती जपली आहे. उजवा लांब निघाला : पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून, हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन असा दौंडच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत. त्याच्या पाण्याने तिकडचा माटोबा तलाव भरू लागला. पुणे आणि खडकीच्या छावण्यांना पाणी देणे आणि पूर्वेकडच्या अवर्षणी गावांची शेती भिजवणे, ही दोन कामे या योजनेकडे होती.

होड्या चालवणे हे या कालव्यांचे काम कधीच नव्हते. उत्तरेत कॉटलींच्या गंगा कालव्याला, १८५४ मध्ये तो सुरू झाला तेव्हाच, होड्यांसाठी लॉक बांधलेले होते. आर्थर कॉटन यांनी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात खणलेल्या कालव्यांतून धान्याच्या नावा जात. तिकडची जमीन सपाट, पाणी मुबलक. दख्खनमध्ये पाणी जेमतेम, तेही आवर्तनाने सुटणारे. पुण्यातल्या साहेबांना होडी वल्हवायची हौस होती, तिच्यासाठी १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला, पण तो नदीवर, बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्यात. मुठेच्या पाटाचा प्रवास करायचा तर काठाच्या वाटेने, पायी किंवा सायकलवर. थांबण्याजोग्या जागा मात्र या वाटेवर भरपूर आहेत.

पहिला थांबा धरणाशीच. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अडचणी सोडवण्यासाठी एक खास विभाग काढला. त्यातूनच आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले. नद्यांच्या, बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवायचे, तर पाणी हाताशी हवे. ते खडकवासल्याने दिले. हे काम ज्यांनी उभे केले त्या सर क्लॉड इंग्लिस यांना पुढे इंग्लंडने आपल्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक केले. दख्खनच्या पाटपाण्यावर घडलेला इंजिनिअर विलायतेच्या नद्यांसाठी बोलावला गेला. पुण्याने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट फारच थोड्या पुणेकरांना ठाऊक आहे.

पर्वतीच्या पायथ्याशी, दांडेकर पुलाजवळच्या जनता वसाहतीत थांबल्यावर मन जड होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी इथे कालव्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांत पाणी शिरले. ज्यांचे घरच दहा बाय दहाचे, त्यांची धान्याची कोठी, मुलांची दप्तरे, गाद्या, सगळे गेले. कालवा खणला तेव्हा तो शहराबाहेर होता. मग शहर वाढत त्याच्या काठाला चिकटले, देखभाल मात्र त्या मानाने वाढली नाही.

स्वारगेट, गुलटेकडी ओलांडून एम्प्रेस गार्डनची जुनी झाडे मागे टाकली की हडपसर येते आणि पुढे मांजरी. इथे घाईने पुढे जाऊ नये.

पाट आला आणि मांजरीत ऊस आला. त्या काळचा ऊस म्हणजे पुंड्या : जाड, रसाळ, चघळायला मऊ आणि पाण्याला हावरा. शेतकरी बेणे दाटीने लावत आणि पाणी मिळेल तेवढे सोडत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या सरकारी फार्मवर उसाचे प्रयोग सुरू झाले आणि ‘मांजरी पद्धत’ पुढे आली : सऱ्या लांब लांब सोडायच्या, बेणे कमी लावायचे, पाणी मोजून द्यायचे. बेण्याचा खर्च वाचला, उत्पन्न टिकले, आणि पाटाच्या पाण्यात जास्त रान भिजू लागले. महाराष्ट्राच्या ऊसशेतीचा पाया ज्या थोड्या जागी घातला गेला, त्यांत मांजरी पहिल्या रांगेत आहे. १९३२ मध्ये नीरेच्या कालव्यावर पाडेगावला संशोधन केंद्र निघाले आणि उसाच्या संशोधनाचा भर तिकडे गेला. पण १९७५ मध्ये साखर कारखानदारांनी आपली संस्था काढली ती पुन्हा मांजरीतच. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही मांजरी फार्मच्याच पत्त्यावर आले. आणि ‘मांजरी गोटा’ हे जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचे गोल वांगे तर गावाचे नाव घेऊनच राज्यभर फिरले.

या सगळ्यामागे दारे धरणारा माणूस आहे. पाळी बहुधा रात्रीची यायची. पाटकरी चारीचे दार उचलणार, मोरीतून पाणी सुटणार, आणि शेतकरी कंदील किंवा बॅटरी बांधावर ठेवून फावडे घेऊन उभा. सरी भरत आली की वरंब्याची माती ओढून तिचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या सरीचे फोडायचे. क्षणभर उशीर झाला तर वरंबा फुटतो, पाणी शेजाऱ्याच्या रानात जाते आणि सकाळी भांडण दारात येते. पाय घोट्यापर्यंत चिखलात, कान पाण्याच्या आवाजाकडे. सरी कुठवर भरली हे अंधारात डोळ्यांपेक्षा कानालाच आधी कळते. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून मिळालेली ती पाळी चुकली, तर पुढच्या आवर्तनापर्यंत उभे पीक सुकताना पाहायचे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली. धरण पुन्हा बांधले गेले. नवा मुठा उजवा कालवा इंदापूरपर्यंत २०२ किलोमीटर लांब गेला, आणि फुल्यांच्या काळातला जुना पाट ‘बेबी कॅनॉल’ या धाकट्या नावाने मागे उरला. आज त्यात धरणाचे पाणी नसते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून महापालिका प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून साडेसतरा नळीजवळ त्यात सोडते. धरणातून शहर जे पाणी घेते, त्याची शेतीला अशी परतफेड करायची, हा करार आहे. पाणी धड शुद्ध होत नाही, वास येतो, अशी खालच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. आणि ज्यांना ते पिकाला द्यावे लागते, त्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. तरी मांजरीच्या उपबाजारात कोथिंबीर, मेथी, पालकाच्या जुड्या घेऊन शेतकरी अजून येतात.

आता गळती, बाष्पीभवन आणि पाणीचोरी थांबवण्यासाठी खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा करायला सरकारने मान्यता दिली आहे. पाणी वाचेल, हे चांगलेच. पण पाणी जमिनीखालून गेले की शहरातल्या कालव्याची पट्टी मोकळी होईल, आणि मोकळ्या जमिनीकडे पुण्यात किती डोळे लागतात हे सांगायला नको.

कालव्यांचे काम संपण्याची अशी वेळ इंग्लंडवरही आली होती. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या कालव्याने मँचेस्टरला कोळसा न्यायला सुरुवात केली आणि देशभर कालव्यांचे जाळे झाले. सुमारे दोन मीटर रुंदीच्या लांबट नावा, काठाने ओढणारा घोडा, नावेतच संसार थाटलेली कुटुंबे. आधी रेल्वेने, मग ट्रकने हा धंदा मारला, कालवे गाळाने भरले, काही बुजवले गेले. १९४४ मध्ये टॉम रोल्ट यांचे स्वतःच्या नावेतील प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४६ मध्ये त्यांनी आणि इतरांनी मिळून जलमार्ग वाचवण्याची संघटना काढली. स्वयंसेवकांनी गाळ उपसला, तुटलेली लॉक दुरुस्त केली. आज त्याच पाण्यावर लोक सुटीला भाड्याची नाव घेऊन गावोगाव थांबत जातात.

पुण्यात नाव चालणार नाही, पण काठ चालेल. २०२१ मध्ये खडकवासला आणि मांजरी बुद्रुक ही दोन्ही गावे एकाच वेळी पुणे महापालिकेत आली, म्हणजे या वाटेची दोन्ही टोके आता एकाच कारभाराखाली आहेत. काठाची झाडे तोडू नयेत. जुन्या मोऱ्या, दारे आणि मैलाचे दगड भंगारात घालू नयेत. खडकवासल्यापासून मांजरीपर्यंत पायी आणि सायकलने जाता येईल अशी सलग वाट ठेवावी, आणि मांजरीत जोतीरावांनी पाटाच्या पाण्यावर शेती केली ते ठळक मराठीत लिहिलेला एक फलक लावावा. बोगद्याचे काम सुरू होण्याआधी हे कागदावर आले पाहिजे. त्यासाठी मांजरीकरांनी आणि पुणेकरांनी आपापल्या नगरसेवकाला आतापासूनच विचारायला लागावे.