तीन माहेरांचं प्रथिन

ताणाचं संप्रेरक आणि कर्करोगजनक रसायन यकृतात नेमकं कुठे भेटतात, याचा माग काढताना मला १९७१ सालचा ‘नेचर’मधला एक लेख सापडला. तेव्हापासून या विषयावरचं माझं सगळं वाचन त्याच लेखाभोवती फिरतं आहे.

आधीचे टप्पे थोडक्यात. १९३० च्या दशकात जपानमध्ये ‘बटर यलो’ हा रंग खाऊ घातलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवलं, की ताणाखाली उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात. १९४७ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स आणि एलिझाबेथ मिलर यांना तो पिवळा रंग यकृतातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला आढळला.

पुढे तीन प्रयोगशाळा उंदराच्या यकृतात तीन निरनिराळी प्रथिनं शोधू लागल्या. अमेरिकेत जेराल्ड लिटवॅक कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींतलं ताणाचं संप्रेरक धरून ठेवणारं, लंडनमध्ये ब्रायन केटरर कर्करोगजनक रंग धरणारं आणि न्यूयॉर्कमध्ये आयर्विन एरियास काविळीतलं बिलिरुबिन धरणारं. १९७१ च्या त्या लेखात तिघांनी ताडून पाहिलं, तर तिन्ही एकच निघाली! त्याचं नाव ठेवलं लिगँडिन. १९७४ मध्ये त्याचं कूळही कळलं. ते निघालं ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, म्हणजे घातक रसायनांना ग्लुटाथायोन जोडून निकामी करणाऱ्या विकरांपैकी एक.

यावरून एक मोहक तर्क सुचतो. ताणात संप्रेरकानं लिगँडिनमधली जागा अडवली, की कर्करोगजनक मोकळं सुटणार आणि डीएनए गाठणार. मला हा तर्क पटत नाही. उंदराच्या यकृतातल्या विद्राव्य प्रथिनांत लिगँडिन सुमारे ५ टक्के असतं. त्यापुढे संप्रेरक अगदीच नगण्य. शिवाय लिटवॅक यांच्या प्रथिनाला चिकटत होती ती मुख्यतः कॉर्टिसॉलपासून यकृतात बनलेली संयुगं, खुद्द कॉर्टिसॉल नव्हे.

माझा कौल रसायनाचं विष बनवणाऱ्या विकरांच्या बाजूनं आहे. शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन घ्या. ते आहे तसं डीएनएला चिकटत नाही. यकृतातली पी४५० विकरं आधी त्याचं इपॉक्साइड हे घातक रूप करतात आणि मग ते डीएनएतल्या ग्वानिनवर जाऊन बसतं. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्याच जातीचं औषध उंदरांत याच घराण्यातली ३ए गटाची विकरं वाढवतं. म्हणजे संप्रेरकाचा हात पोचतो तो विष तयार होण्याच्या जागी. मात्र माणसातलं ३ए४ हे विकर अफ्लाटॉक्सिनचं इपॉक्साइड करतं, तसंच कमी घातक रूपही करतं. त्यामुळे विकर वाढलं म्हणजे धोका वाढलाच, असं धरता येत नाही.

थेट ताणाच्या संप्रेरकालाच दोषी धरणाऱ्यांचं सर्वांत भक्कम हत्यार पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचं. ती काढलेल्या उंदरांना बटर यलोच्या जातीच्या एका रंगानं यकृताचा कर्करोग होत नाही, हे १९५३ मध्ये दिसलं. अफ्लाटॉक्सिनबाबत तेच १९६९ मध्ये. पियूषिका गेली की अधिवृक्क ग्रंथी थंडावते, हे खरं. पण तिच्याबरोबर वाढीचं संप्रेरकही जातं, उंदराची वाढ खुंटते आणि यकृतातल्या पी४५० विकरांचा मेळ बदलतो. म्हणून ताणाच्या बाजूनं हा पुरावा मी निम्माच धरतो.