व्हेंटिलेटरचे आकडे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे का असतात?

आयसीयूमध्ये शेजारच्या रुग्णाच्या व्हेंटिलेटरवर ४२० हा आकडा दिसतो आणि तुमच्या आईच्या व्हेंटिलेटरवर २६०. ‘तिला हवा कमी पडतेय का?’ अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण हा फरक बहुधा मुद्दाम ठेवलेला असतो.

एका श्वासात किती हवा?
फुप्फुसांचा आकार वजनावर नाही, तर उंचीवर आणि स्त्री-पुरुष भेदावर अवलंबून असतो. वजन वाढले म्हणून फुप्फुसे वाढत नाहीत. त्यामुळे डॉक्टर उंचीवरून ‘अपेक्षित वजन’ काढतात. एआरडीएस म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरण्याच्या आजारात, या वजनाच्या दर किलोमागे साधारण ६ मिलिलिटर हवा देतात. १५० सेंमी उंचीच्या स्त्रीसाठी ती सुमारे २६० मिलिलिटर होते, तर १७५ सेंमी उंचीच्या पुरुषासाठी सुमारे ४२०.

जास्त हवा दिली तर?
आजारी फुप्फुसाचा थोडाच भाग उघडा असतो. सगळी हवा तिथेच शिरते आणि तो भाग ताणला जाऊन त्यालाही इजा होते. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

आणखी काय बदलतात?
• पीप: श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब. यामुळे हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. मात्र तो फार वाढला तर रक्तदाब घसरू शकतो.
• ऑक्सिजन: एआरडीएसमध्ये रक्तातील ऑक्सिजन ८८ ते ९५ टक्के असला तरी सहसा चालतो. १०० टक्क्यांचा आग्रह नसतो.
• श्वासाची गती: दमा किंवा सीओपीडीच्या रुग्णाला हवा बाहेर सोडायला वेळ लागतो, म्हणून गती कमी ठेवतात.
• पालथे झोपवणे: गंभीर एआरडीएसमध्ये दिवसातून सुमारे १६ तास पालथे ठेवल्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते.

आकडे सारखे का बदलतात?
रक्ततपासणी, फुप्फुसातील दाब आणि रुग्णाचा स्वतःचा श्वास पाहून सेटिंग बदलतात. बदल म्हणजे प्रकृती बिघडली असे नव्हे. अनेकदा आधार कमी करण्याचीच ती तयारी असते. सुधारणा दिसली की ३० मिनिटे ते २ तास रुग्णाला जवळजवळ स्वतःच श्वास घेऊ देतात. ही चाचणी पहिल्याच दिवशी जमली नाही, तर पुन्हा घेता येते.

डॉक्टरांना काय विचाराल?
• फुप्फुसाचा मूळ आजार कोणता आहे?
• कालच्यापेक्षा आज ऑक्सिजन कमी लागतो की जास्त?
• व्हेंटिलेटर काढण्याची चाचणी कधी घेता येईल?

रुग्णाची नेमकी उंची, जुना दमा, धूम्रपान आणि चालू औषधे डॉक्टरांना न विसरता सांगा. सेटिंग ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.