चिलापीची कुळकथा

चिलापी हातात घेतली की आधी काटा लागतो. पाठीवरचा पर ताठ करून ती बोटात रुतते. भिगवणच्या मासळी बाजारात एका मावशींनी माझ्यासाठी पाव-पाव किलोच्या चार चिलाप्या निवडल्या आणि खवले काढायला घेतल्या. त्यातल्या एकीचा गळा दाबला गेला, तशी तिच्या तोंडातून बाजरीच्या दाण्याएवढी पिवळी अंडी भळकन पाटीत सांडली. "तोंडात घेऊन हिंडती लेकरं," मावशी म्हणाल्या आणि तांब्याभर पाणी ओतून त्यांनी पाटी धुतली.

नर तळाच्या चिखलात खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत ती जवळजवळ उपाशी असते. बाहेर सोडलेल्या पिल्लांना धोका वाटला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. आपल्या नदीतले बरेचसे मासे पुराच्या पाण्यात हजारो अंडी सोडून देतात आणि बाकीचं नदीवर सोपवतात. चिलापी थोडीच अंडी घालते, पण जपते. शिवाय तिला पुराची वाट पाहावी लागत नाही. दाटी झालेल्या तळ्यात ती वाढायची थांबते आणि चार बोटांची असतानाच वीण सुरू करते. परक्या पाण्यात ती टिकली ती या आईपणाच्या जोरावर.

तिचं नावही तिच्याइतकंच लांबून आलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांच्या भाषेत 'त्ल्हापी' म्हणजे मासा. कुठला खास मासा नव्हे, नुसता मासा. अँड्र्यू स्मिथ या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1840 मध्ये तिथल्या माशांच्या एका गटाला नाव देताना हा शब्द लॅटिन वळणावर नेला आणि 'तिलापिया' तयार झाला. हे नाव आपल्याकडे पोचल्यावर तमिळ लोकांनी त्यात ओळखीचं काहीतरी शोधलं, तिथे ती 'जिलेबी' झाली. आपल्या कोळ्यांनी 'चिलापी' केली. मला हा शब्द फार आवडतो. लॅटिन शेपूट गळून तो पुन्हा मूळच्या 'त्ल्हापी'च्या जवळ आला, तेही त्स्वाना भाषा कधी कानावर न पडलेल्या माणसांच्या तोंडून.

इंडोनेशियात मात्र तिला माणसाचं नाव मिळालं. 1939 मध्ये जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्लितार भागातल्या एका खाजणात, मुजाइर नावाच्या गावकऱ्याला तोंडात पिल्लं घेणारा हा मासा दिसला. मासा मोझांबिककडचा, जाव्याचा नव्हेच. मुजाइरने तो गावी नेला. खाऱ्या पाण्यात थोडं थोडं गोडं पाणी मिसळत, मासे मरत होते तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत, त्याने तो गोड्या पाण्यात जगवला, असं सांगतात. तिकडे या माशाला आजही 'मुजाइर'च म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर तो आग्नेय आशियाभर गेला. उपाशी माणसांना स्वस्त मासा हवा होता आणि हा कुठल्याही डबक्यात वाढत होता. तेव्हाच्या लोकांना त्यात वरदान दिसलं याचा मला राग येत नाही. भूक खरी होती.

भारतात तो 1952 मध्ये आणला गेला. फार लवकर लक्षात आलं की तळ्यात चिलापी सोडली की ती स्वतः खुजी राहते आणि दुसऱ्या माशांचं अन्न व जागा खाऊन बसते. 1959 मध्ये देशाच्या मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसाराला बंदी घातली. सात वर्षांत चूक उमगली, पण पाण्यात गेलेला मासा कागदाने परत येत नाही. आणखी एक वाईट वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे मोझांबिकची ही चिलापी तिच्या स्वतःच्या नद्यांत आज धोक्यात आहे. तिथे नाईलची चिलापी शिरली आणि दोघींचा संकर होऊ लागला.

ज्याचं पाणी भिगवणपर्यंत पसरतं ते भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. वाहती नदी अडली, संथ आणि विस्तीर्ण पाणी झालं. चिलापीला तेच हवं होतं. वाम, शिंगटा या भीमेच्या माशांसाठी ते पाणी परकं ठरलं. रोहू, कटला, मृगळ आपण घरचे धरतो खरे, पण तेही मूळचे गंगेकडचे, इथे बीज सोडून आणलेले. त्यामुळे उजनीच्या पाण्यात घरचा कोण आणि पाहुणा कोण हे ठरवताना जीभ जरा जपूनच चालवावी लागते. चिलापीचा भार मात्र डोळ्यांना दिसतो. बाजारात पाट्यांमागून पाट्या तिच्याच असतात.

आणि ती खाल्ली जाते, चवीने. अंगावर तिरक्या चिरा पाडून मीठ, हळद, लिंबू चोळायचं, म्हणजे चिखलाचा वास जातो. मग लसूण आणि तिखट, आणि तव्यावर तेलात कडक. पुणे-सोलापूर रस्त्यावर चिलापी फ्राय खायला मुद्दाम थांबणारे लोक आहेत, मीही त्यांतलाच. परका मासा खाऊन संपवावा हा उपाय खरा असता, तर उजनीतली चिलापी कधीच आटली असती.

अटलांटिकमधल्या सिंहमाशाची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. हा आपल्याकडच्या हिंदी-प्रशांत महासागराचा मासा. घरातल्या शोभेच्या टाक्यांमधून तो तिकडे गेला असावा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो 1985 मध्ये पहिल्यांदा दिसला आणि पुढे बहामा, कॅरिबियनभर पसरला. प्रवाळातले लहान मासे तो गिळत सुटला. कोणी खात नव्हतं, कारण अंगावर अठरा विषारी काटे. तेव्हा तिथल्या लोकांनी खाण्याची रीत ठरवून घडवली. 2009 पासून पाणबुड्यांच्या शिकारीच्या स्पर्धा भरू लागल्या, 2010 मध्ये सिंहमाशाच्या पाककृतींचं पुस्तक निघालं, काटे कात्रीने कसे छाटायचे ते लोकांना दाखवलं गेलं. विष काट्यातच असतं, मांस पांढरं आणि गोडसर. जिथे नेमाने शिकार झाली तिथे लहान स्थानिक मासे पुन्हा वाढल्याचं अभ्यासांत दिसलं. पाणबुडे पोचत नाहीत त्या खोलीत सिंहमासा अजून आहेच, पण उथळ प्रवाळाला श्वास मिळाला.

फरक हत्यारात आहे. सिंहमासा भाल्याने मारतात. पाणबुड्या समोर बघतो, ओळखतो, मग भाला सोडतो, आणि शेजारचा मासा वाचतो. उजनीत बारीक चिलापी ओढायला वडाप लावतात. बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, ते जाळं तळापासून सगळं खरवडून आणतं. चिलापीसोबत शिंगट्याची, वामीची बोटाएवढी पिल्लंही येतात आणि सुकायला पडतात. त्या पिल्लांना तोंडात घेणारी आई नसते. वडापाला बंदी आहे, कारवाई होते, जाळी जाळली जातात, आणि पुन्हा नवी येतात, कारण बारीक मासळीलाही गिऱ्हाईक आहे. दुसरं असं की सिंहमासा कोणी पाळत नाही. चिलापी आता शेततळ्यात आणि पिंजऱ्यात वाढवतात, पुरात ती निसटते. ज्याच्या वाढीवर कुणाचं घर चालतं तो मासा खाण्याने कमी होत नाही.

म्हणून मी चिलापी सोडलेली नाही, मागण्याची पद्धत बदलली आहे. मोठी घेतो, मोठ्या आसाच्या जाळ्यातली. बारीक मासळीचा वाटा कितीही स्वस्त असला तरी घेत नाही. त्या दिवशी मावशींना विचारलं, "ही कुठल्या जाळ्यातली?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या वाट्यातून एक बोटभर जिनस उचलून माझ्या तळहातावर ठेवला. लांब, तपकिरी, टोकदार तोंडाचा. वामीचं पिल्लू होतं.

"ही त्यातली नव्हं," माझ्या चिलाप्यांकडे बोट करत त्या म्हणाल्या. "हे त्यातलं."